मालूचा चेहरा

९ जानेवारी, गुरुवार

चौथं प्रकरण संपलं! संपलं म्हणजे, मान आखडली म्हणून मी थांबलो. इंदू आतून म्हणाली, "शेवटचं शेवटचं म्हणत हे तिसरं पुस्तक आहे तुमचं." आता बायकोशी वाद कोण घालणार. पण हे खरंच शेवटचं. पाच चरित्रं झाली, दोन कादंबऱ्या झाल्या, रोह्याच्या कॉलेजात पोरांकडून सनावळ्या घोकून घेण्यात उभी हयात गेली. परवा पुण्याहून प्रकाशकाचा फोन — "सर, जरा चटपटीत करता येईल का?" चटपटीत! म्हटलं, मग अष्टमीच्या पुलाजवळ भेळेची गाडीच टाकतो की.

जनू म्हात्रे चटपटीत नाही, त्याला मी काय करू? गडबवरून आत खाडीकडे गेलं की वाघखार. तिथला हा शेतकरी. पावसाळाभर भातशेती, उन्हाळाभर मिठागर. एका मोठ्या उधाणात गावचा खारबांध फुटला, खांड पडली, खारं पाणी शेतात घुसायला लागलं. रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस बांधावर गेला. पेंढा टाकतायत, चिखल टाकतायत, सगळं वाहून जातंय. तर या जनूने काय करावं? घरी गेला, स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं आणि आणून खांडीत आडवं घातलं! मग बाकीच्यांनीही आपापली दारं आणली. खांड बुजली. एक माणूस दगावला नाही. पुढचं वर्षभर गाव बिनदाराचं झोपलं.

इतकं अस्सल हातात आहे. आणि लोकांना काय हवंय? मालू!

१२ जानेवारी, रविवार

आज घरी आले होते दोघं. जनूची बायको ठमाबाई, नव्वदीला टेकलेली, काठी टेकत पण कुणाचा हात न धरता जिना चढली. आणि तिचा नातू प्रणित. तो धाटावला कंपनीत आहे, शिफ्ट संपवून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. येताना वालाच्या शेंगा आणल्या होत्या. इंदूने चहा टाकला.

प्रणित म्हणाला, "सर, मालूआयचं देऊळ पक्कं करायचं ठरलंय. पाडव्याला स्थापना. मूर्ती पेणला प्रविणच्या कारखान्यात सांगितलीय. आनि त्याच दिवशी आजोबांचं पुस्तक काढू." मग जरा घुटमळला. "प्रविण इचारतो, चेहरा कसा करू? मी म्हटलं सरांनाच इचारू. तुमीच लिवलंय ना तिला."

ठमाबाई पुढे सरकली. "तुमाला दिसलीय ती, मास्तर. आमाला कुठं दिसली? सांगा ना, कशी व्हती?"

इंदूने कप गोळा केले आणि आत गेली. नळाचं पाणी किती वेळ वाहत होतं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. काय डोंबल विचार करणार!

१३ जानेवारी, सोमवार

लिहून काढलं की डोकं ताळ्यावर येतं, ही जुनी खोड. म्हणून मांडतो.

मालू नव्हती. कधीच नव्हती. ती मी रचली.

जनूची गोष्ट मी पहिल्यांदा कादंबरीत घेतली तेव्हा खांडीत दार घातलंच नाही. दाराऐवजी एकोणीस वर्षांची एक पोर घातली. मालू स्वतः खांडीत आडवी होते, तिच्या अंगावर गाव चिखल लोटतं, बांध उभा राहतो. समीक्षकांनी लिहिलं, लेखकाने त्यागाचं प्रतीक उभं केलंय. कसलं प्रतीक घेऊन बसलात!

ऋजू गेली ती भाद्रपदात. ताप आला आणि गेली. ऋजुता, आमची एकुलती एक. एकोणीस. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं टेबलावर उघडी पडलेली. पुढं दोन-अडीच वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. मग लिहिलं ते हे. ऋजूचं जे जे होतं ते सगळं मालूला देऊन टाकलं. वेणीचं टोक दातात धरून विचार करणं. चपला घासत चालणं. चिडली की नाक लाल होणं. ऋजूच्या मरणाला काही म्हणता काही अर्थ नव्हता. ताप तो! म्हणून मालूला असं मरण दिलं की निदान गाव तरी वाचावं. बापाचा वेडेपणा, दुसरं काय.

मग वाघखारच्या नाट्यमंडळाने जत्रेत कादंबरीचं नाटक केलं. बायाबापड्या हमसून हमसून रडल्या. दुसऱ्या वर्षी बांधावर, खांड बुजवलेल्या जागी, कुणीतरी शेंदूर फासलेला दगड ठेवला. मग नारळी पुनवेला नारळ. मग नवस. मग 'मालूआय'! मी इतिहासाचा माणूस, माझ्या डोळ्यांदेखत दंतकथा जन्माला आली, बाळसं धरलं, चालायला लागली. मी आपला दरवर्षी एकदा जातो, लांब उभा राहतो, फुलं बघतो आणि परत येतो. बरं वाटतं. माझ्या पोरीला कुणीतरी फूल घालतंय.

इंदूला यातलं काही माहीत नाही. तिने ती कादंबरी उघडूनही पाहिलेली नाही. आमच्या घरात ऋजूचं नाव निघत नाही. असं काही ठरवलं नव्हतं, होत गेलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. इंदूने तिळगूळ हातावर ठेवला. "गोड बोला" म्हणाली. त्यानंतर दिवसभर दोघंही फारसं बोललो नाही.

१८ जानेवारी, शनिवार

प्रणितचा फोन. "सर, आजोबांच्या पुस्तकात मालूआय कितव्या पानावर येते?"

म्हटलं, "कोण येते?"

"आजोबांची बहीण ना ती!"

घ्या! बहीणही झाली. मी कादंबरीत तिला जनूचं काहीही केलं नव्हतं. गावाने परस्पर नातं जोडलं. हजार लोकांनी हात लावला की असंच होतं म्हणा, पोरांना वर्गात हेच शिकवायचो मी. आता शिकवलेलं अंगाशी आलंय.

चरित्रात मालू घातली तर पुस्तक खोटं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चरित्रांवर मी याच कारणासाठी दात काढलेत — 'आधार काय? आधार द्या!' आणि मालू नाही असं छापलं, तर देऊळ कसलं, मूर्ती कसली. दगडही उचलून खाडीत टाकतील. मग नारळी पुनवेला मी कुणाकडे बघायला जाऊ? इकडे आड, तिकडे विहीर.

ऋजू असती तर म्हणाली असती, "बाबा, बोअर करू नका. काय ते एक ठरवा." माझी प्रुफं तीच वाचायची. समासात पेन्सिलीने 'बोअर' लिहून ठेवायची. नववीत होती तेव्हापासून!

२६ जानेवारी, रविवार

इथल्या वरसे गावच्या शाळेत झेंडावंदन. पाहुणा मी. ओळख करून देणारे गुरुजी म्हणाले, "मालूआयचा इतिहास शोधून काढणारे आपले थोर..." शोधून काढणारे! खुर्चीत चुळबुळ केली फक्त. उठून सांगायला हवं होतं, पण झेंड्याखाली कुठं तमाशा करा म्हणून बसून राहिलो.

मग भाषणं. भूमिका नावाची चौथीतली मुलगी उभी राहिली, दोन घट्ट वेण्या. मालूआयवर भाषण. घोकून घोकून आलेली. सगळं माझ्याच कादंबरीतलं. शेवटी मूठ उगारून ओरडली, "आणि मालू म्हणाली — घाबरू नका, मी हाय ना!"

टाळ्यांचा कडकडाट.

ते वाक्य मालूचं नाही. ते ऋजूचं आहे. आजी पडली, दवाखान्यात न्यायचं होतं, मी नुसता घरभर येरझाऱ्या घालत होतो — तेव्हा ही पंधरा वर्षांची पोर म्हणाली, "बाबा, मी आहे ना." रिक्षा घेऊन आली. तापात पडली होती तेव्हाही इंदूला तेच म्हणाली. आज ते भरल्या मैदानात, माइकवरून, झेंड्याखाली. मीही टाळ्या वाजवल्या. हाताला काहीतरी करायला हवं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

इंदू माघी गणपतीला मावसबहिणीकडे पेणला गेलीय, उद्या येईल. घरात मी आणि घड्याळ.

ऋजूचा फोटो काढला. कॉलेजच्या गॅदरिंगचा, निळ्या साडीतला, हसताना तोंडावर हात जायच्या आधी कुणीतरी पटकन टिपलेला. चेहरा सांगायचा म्हणजे काय, हाच प्रविणच्या हातावर ठेवायचा. बास! पुढची शंभर वर्षं माणसं माझ्या पोरीच्या पायावर डोकं ठेवतील. खाडीला उधाण आलं की तिला हाक मारतील. द्यावासा वाटतो! काय लपवू, फार द्यावासा वाटतो. खिशात घालून स्टँडपर्यंत गेलो होतो. पेणची गाडी लागलेली होती.

आणि मग वाटलं, शेंदूर फासतील. तोंडाला पेढा चिकटवतील. तिला कुणी गालाला हात लावलेला आवडायचा नाही.

परत आलो. गाडी गेली.

३ फेब्रुवारी, सोमवार

इंदू आली. पोह्याचे पापड आणलेत, दोन वर्षं पुरतील एवढे. म्हटलं, पेणची बाजारपेठ उठवून आणलीस की काय? हसली नाही. थकलेली दिसली.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगून आलो.

वाघखारला पोपटी लावली होती. शेताच्या कडेला मडकं उपडं घातलेलं, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास, मडक्यात वालाच्या शेंगा, वरून जाळ. दहा-पंधरा माणसं भोवती बसलेली. ठमाबाईला खुर्ची. प्रणितने मला पाट दिला. देवळाच्या गप्पा चालल्या होत्या, घंटा कुठून आणायची, मंडप केवढा. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. बोललो.

म्हटलं, "मालू नव्हती. ती माझ्या कादंबरीतली. बांध दारांनी वाचवला, जनूने आणि तुमच्या आज्या-पणज्यांनी. कुणीही खांडीत गेलं नाही. चरित्रात मी तसंच लिहिणार."

जाळ तेवढा तडतडत होता.

प्रणितचं तोंड बघवेना. "म्हंजे सर, खोटं?"

"खोटं नाही रे. कादंबरी."

"म्हंजे खोटंच ना!" आवाज चढला त्याचा. "मी घरोघर फिरलो सर. माझ्या बहिनीला पोर व्हत नवतं, ती नवस बोलली, आता पोर हाय मांडीवर. तिला जाऊन काय सांगू? सरांनी रचलं व्हतं?"

मी मान खाली घातली. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे रं. छापा सर, बिनधास छापा. पुस्तक वाचतंय कोन!" सगळे हसले. हसण्याने ताण सैल झाला. मलाही हसू आलं, पण लागलं ते लागलंच. जन्मभर त्याच धंद्यात घालवलाय.

ठमाबाई हसली नव्हती. म्हणाली, "मास्तर, दार माज्या घरचं गेलं. वरीसभर कुत्री घरात शिरायची, मीच हाकलली हायेत. तवा मला नका सांगू. लिवा दाराचं, लिवायलाच पायजे. पन एक सांगा. ही पोर तुमच्या मनात आली कुटनं?"

मी पाटाची कड चाचपत राहिलो.

"मी नाटक बघताना सुनेला बोललेली — गो, ह्या मानसाच्या घरचं कायतरी गेलंय. उगाच कोन असं लिवत नाय." ती माझ्याकडे बघेना, मडक्याकडेच बघत होती. "कुनाच्या तरी घरची हाय ना ती? मंग झालं. नव्हती कशी?"

मी उठलो. धूर डोळ्यांत गेला म्हणालो. दूर बांधावर जाऊन उभा राहिलो. ओहोटी होती, चिखल उघडा पडलेला. माणसांदेखत रडायची लाज वाटते अजून, या वयात. मग शेंगा सोलून झाल्यावर हाका मारायला लागले, "मास्तर, या, गार व्हतील!" जाऊन खाल्ल्या. मीठ जास्त झालं होतं.

निघताना प्रणित मोटरसायकलवरून गडबच्या नाक्यापर्यंत सोडायला आला. उतरल्यावर म्हणाला, "सर, देऊळ तर व्हनार. आजी बोललीय म्हंजे व्हनारच. पुस्तकात काय लिवायचं ते लिवा. चेहऱ्याचं तेवढं सांगा."

म्हटलं, "प्रविणला म्हणावं, त्याच्या मनाने कर. मी काही सांगणार नाही."

सांगून टाकलं. एका वाक्यात तिला सोडून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

इंदूला सगळं सांगितलं. मालूचं, नाटकाचं, मी बोललो त्याचं. ऋजूचं नाव मात्र घेतलं नाही. ती ऐकत होती, बटाटे सोलत. शेवटी एवढंच, "चेहरा त्याच्या मनाने करायला सांगितलात?" म्हटलं, हो. "बरं," म्हणाली.

बरं! चाळीस वर्षांच्या संसारात या बाईच्या 'बरं'चा अर्थ मला लागलेला नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ते पान लिहिलं. 'मालू ही व्यक्ती प्रस्तुत लेखकाने आपल्या कादंबरीत कल्पिलेली असून तिला कोणताही ऐतिहासिक आधार नाही.' चार वेळा वाचलं. व्याकरण शुद्ध आहे. एकही शब्द चुकीचा नाही. मृत्यूच्या दाखल्यावरही असेच शुद्ध शब्द असतात.

जेवलो नाही. इंदूला म्हटलं, पित्त झालंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. इंदू परत पेणला! मावसबहिणीचा गुडघा दुखतो म्हणे. इंदूचाही दुखतो. दोन दुखरे गुडघे मिळून काय करतात देव जाणे. मला साबुदाणा भिजवून ठेवून गेली, खिचडी मी केली, तिचा गोळा झाला. तोच खाल्ला. उपासाला काय, पोटात गेलं म्हणजे झालं.

कुंडलिकेच्या कडेने फिरून आलो. ऋजूला पोहायला इथेच शिकवलं होतं. मी काठावर, कमरेइतक्या पाण्यात, आणि ती लांब जाऊन ओरडतेय, "बाबा, या ना!" मला धड पोहता यायचं नाही, नुसतं पुस्तकी शिकवणं. आज पाणी बरंच खाली गेलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. खाली पोरांचा धिंगाणा. पुस्तक पूर्ण झालं! शेवटचं वाक्य लिहून पेन खाली ठेवलं.

पूर्वी पुस्तक संपलं की शेवटचं पान मोठ्याने वाचायचो. इंदू दाराशी उभी राहायची, ऋजू पलंगावर पालथी पडून ऐकायची, आणि संपलं की म्हणायची, "ठीक आहे. आता मला पार्टी." आज वाचायला घेतलं. दोन ओळी वाचून पानं पालथी घातली. आता हे छापून येईल, पाडव्याला हार घालतील, दोन पेपरांत फोटो येईल, आणि तांबड्या दोरीने बांधलेले गठ्ठे घरी येऊन पडतील. एवढीच आमची कमाई. रड नको, खरं तेच लिहितोय.

बरं वाटतं का? जनूसाठी वाटतं. त्याची दारं त्याला परत मिळाली.

२३ मार्च, रविवार

प्रणित पेणला घेऊन गेला. नको नको म्हणत होतो, ऐकेना. "मूर्ती बघून घ्या सर, उद्या रंग चढनार. मंग काय बदल नाय व्हायचा." अजून थोडा घुश्श्यात आहे माझ्यावर, पण 'सर' म्हणायचं सोडलं नाही त्याने.

कारखान्यात पुढच्या गणपतींची तयारी आत्तापासून. रांगेने बिनसोंडेचे, बिनहाताचे पांढरे गणपती. प्रविण पोरगेलासाच आहे, कोपरापर्यंत माखलेला. मागच्या खोलीत नेलं. ओलं फडकं काढलं.

मनात एक वेडी आशा होती, की कसं कोण जाणे, आपोआप, न सांगता ऋजूच असेल. देवाधर्माच्या गोष्टीत म्हणे असं होतं.

काही नव्हती! भरल्या अंगाची एक बाई. चांगली पोक्त. डोळ्यांच्या कडांना बारीक घड्या, हनुवटीखाली जरासं मांस, केस मागे घट्ट बांधलेले. ओठ मिटलेले, पण आता काहीतरी बोलेल अशी. 'आय' म्हणतात तर आयच केली प्रविणने, बरोबरच आहे त्याचं. कुठंतरी पाहिल्यासारखी वाटली. पण कारागिराच्या मूर्ती काय, सगळ्या एकमेकींच्या बहिणीच दिसतात.

"कशी हाय सर?" प्रविणने विचारलं.

"छान आहे. शांत आहे."

"नीट बघा ना."

"बघितली की. उत्तम. चढव रंग."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि फडकं परत घातलं.

येताना गाडीत खिडकीशी बसलो. सुटल्यासारखं वाटत होतं. चला, माझी पोर माझ्याकडेच राहिली, गॅदरिंगच्या फोटोतली, निळ्या साडीतली. त्या बाईला लोकांनी खुशाल हार घालावेत. माझा तिच्याशी काही संबंध नाही. आणि तरी नागोठण्यापर्यंत डोळे पुसत होतो. म्हातारपणी डोळ्यांना पाणी येतंच.

२४ मार्च, सोमवार

सकाळी इंदूने विचारलं, "बघितलीत मूर्ती?" म्हटलं, "हो. बरी आहे. कुणीतरी बाई केलीय त्याने."

तिचे हात थांबले. "कुणीतरी?"

मग म्हणाली, "तुमची ती कादंबरी मी केव्हाच वाचलीय. मी शेजारी बसून करून घेतली हो ती मूर्ती. मावसबहिणीचं निमित्त. आज असती तशी. अडतिसावं चालू आहे तिला." आणि माझ्याकडे न बघता — "एकोणीसची तुम्ही ठेवलीत. माझी वाढत होती."

ऋजू होती ती. दोन हातांवर. मी ओळखली नाही.